पांढरी माशी फवारली की जाते अन् आठ-दहा दिवसांत परत येते, काय करावं?

पोळा झाला की आमच्या गल्लीत हा प्रश्न सुरू होतो तो थेट संक्रांतीपर्यंत चालतो. कोणाची भेंडी, कोणाचं जास्वंद, कोणाचे टमाटे, कोणाच्या दारातला पेरू. तक्रार मात्र एकच, की फवारलं त्या दिवशी झाड साफ दिसतं आणि आठ-दहा दिवसांनी पानाला हात लावला की परत भुर्रकन पांढरं उडतं. मग औषध बदलायचं, डोस वाढवायचा, शेजारच्या काकू सांगतील ते टाकून बघायचं आणि शेवटी वैतागून झाडच उपटायचं. परभणी, नांदेड, लातूर, जालना, कुठंबी जा, घरच्या बागेचं हे दुखणं सारखंच आहे. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहितो, कारण पांढरी माशी घरच्या बागेत आटोक्यात येते, विषारी औषध न मारता येते, फक्त आपल्याकडं नेमकं कुठं अडतंय ते आधी शोधावं लागतं.

सगळ्यात आधी उडणाऱ्या माशांकडं बघणं सोडा आणि पान उलटं करून बघा. उडते ती मोठी माशी, तिची पुढची सगळी पिढी पानाच्या खालच्या बाजूला चिकटलेली असते. एक मादी शंभर-दीडशे अंडी सहज घालते, कधी त्याहून जास्त. पाच-सात दिवसांत अंड्यातून पिल्लू निघतं, थोडंसं चालतं, जागा पसंत पडली की सोंड पानात खुपसतं आणि मग तिथून हलतच नाही. चपटं, पिवळट-हिरवट, जवळपास आरपार दिसणारं, इतकं बारीक की चष्मा लागणाऱ्या माणसाला ते पानाचाच भाग वाटतं. शेवटी कोषासारखी अवस्था येते, त्यात दोन लाल डोळे दिसतात, मोबाईलचा कॅमेरा झूम करून बघितलं तर स्पष्ट दिसतात. आपल्याकडच्या उबदार हवेत हे सगळं चक्र साधारण तीन आठवड्यांत पुरं होतं. आता विचार करा, तुम्ही साबणाचं पाणी किंवा नीम तेल एकदा मारलं, त्यात उडणाऱ्या मेल्या, काही पिल्लं मेली, पण अंड्याला यातल्या कशानं फारसं काही होत नाही आणि कोषातलीबी बरीच वाचतात. आठ दिवसांनी दिसते ती बहुतेक करून बाहेरून आलेली नसते, ती तुमच्याच झाडावर फवारणीच्या दिवशी अंड्यात नाहीतर कोषात बसलेली होती.

म्हणून एक फवारणी म्हणजे काहीच नाही. पाच-सहा दिवसांच्या अंतरानं लागोपाठ चार, म्हणजे तीन आठवड्यांचं चक्र पूर्ण झाकलं गेलं पाहिजे. पहिल्या दोन फवारण्यांनंतर माशा कमी दिसायला लागतात आणि तिथंच सगळे थांबतात, त्यात सणवार आला, गावाला गेलो, तिसरी राहिली, की परत पहिल्यापासून. कॅलेंडरवर खुणा करून ठेवा, माशा दिसो न दिसो, त्या तारखेला मारायचंच. आणि मारायचं ते पानाच्या खालून. पंपाचं नोझल वर करून, झाडाच्या बुडाकडून वरच्या दिशेनं, प्रत्येक पानाची खालची बाजू ओली होऊन थेंब गळेपर्यंत. वरून शिंपडलेलं पाणी पानावरून ओघळून जातं आणि खाली बसलेल्या पिल्लाला थेंबबी लागत नाही. साबण आणि तेल अंगाला लागलं तरच मारतं, शेजारून गेलं तर नाही.

आता आपल्या भागातली खास अडचण, जिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. पाणी. मराठवाड्यातल्या बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड आहे, भांड्यावर पांढरा थर बसतो, गिझरची कॉइल चुन्यानं भरून जाते, हे प्रत्येक घरात माहीत आहे. त्या पाण्यात साध्या वडीचा साबण किसून टाकला की त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी त्याची गाठ पडते आणि साबण फाटतो, वर पांढरट साय येते आणि खाली नुसतं पाणी उरतं. ते फवारून माशी मरणार कशी? शिवाय ती साय नोझलमध्ये अडकते ते वेगळंच. कितीतरी लोक म्हणतात साबणाच्या पाण्याचा आमच्याकडं उपयोगच होत नाही, त्यातल्या बऱ्याच जणांचं मूळ इथं आहे. तपासायचं असेल तर प्लास्टिकच्या बाटलीत तुमचं पाणी अर्धं भरा, साबणाचा बारीक कीस टाका आणि जोरात हलवा. फेस टिकला तर ठीक, फेस बसून वर दह्यासारखं काहीतरी तरंगलं तर ते पाणी साबणासाठी नाही.

मग पाणी कुठलं घ्यायचं? फवारणीला लागतं दोन-तीन लिटर, तेवढं फिल्टरचं प्यायचं पाणी घेतलं तरी चालतं, पावसाळ्यात पन्हाळीखाली बादली लावून धरलेलं पाणी तर सगळ्यात उत्तम. पण आरओच्या मशीनमधून वाया जाणारं जे पाणी असतं ते फवारणीला वापरू नका, त्यात क्षार आणखी जास्त जमा झालेले असतात. आणि जड पाण्याशिवाय पर्यायच नसेल तर वडीच्या साबणाऐवजी रिठा वापरा. आठ-दहा रिठ्याच्या टरफलांना रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवायचं, सकाळी चोळून गाळून घ्यायचं. रिठ्याचा फेस जड पाण्यात फाटत नाही. किंवा भांडी घासायचं साधं लिक्विड, एका लिटरला चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिली, त्याहून जास्त नाही. कपडे धुण्याची पावडर मात्र अजिबात नको, त्यातला सोडा पानं जाळतो. कुठलंबी मिश्रण आधी दोन-तीन पानांवर मारून एक दिवस बघा, पान करपलं नाही तर मग सगळ्या झाडावर मारा.

पाण्याचीच दुसरी बाजू. जिकडं तिकडं सल्ला असतो की रोज पाईपनं जोराचा फवारा मारा, माशा धुऊन जातात. सल्ला खरा आहे, चांगला उपाय आहे, पण तो ज्यांच्या नळाला रोज पाणी आहे त्यांच्यासाठी. ज्या लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथल्या माणसाला पाईप लावून झाडं धुवा असं कोणत्या तोंडानं सांगायचं? आजबी कितीतरी वस्त्यांत आठ-आठ दिवसांनी नळ येतो. तेव्हा कमी पाण्यात करायचे दोन प्रकार सांगतो. कुंडीतलं लहान झाड असेल, मिरचीचं, टमाट्याचं रोप, तर कुंडीच्या तोंडावर फडकं बांधून माती झाकायची, एका हातानं माती आणि बुंधा धरायचा आणि झाड उलटं करून बादलीतल्या साबणाच्या पाण्यात बुडवून दोन-चार वेळा हलवायचं. त्याच बादलीत दहा-बारा रोपं होतात. आणि मोठ्या पानांच्या झाडाला, जास्वंद, वांगी, पपई, तर ओल्या फडक्यानं पानाची खालची बाजू पुसून काढायची. वेळ लागतो, पण चिकटून बसलेली पिल्लं आणि अंडी, जी फवारणीतून वाचतात, ती पुसण्यानं निघतात. घरातली लेकरं हे काम आनंदानं करतात, त्यांना ते लाल डोळे दाखवले की तर बघायलाच नको.

खालची जुनी, पिवळी पडलेली, पिल्लांनी गच्च भरलेली पानं तोडूनच टाका. मोठी पिल्लं आणि कोष बहुतेक खालच्या जुन्या पानांवर असतात, अंडी वरच्या कोवळ्या पानांवर. म्हणजे चार-सहा खालची पानं काढली की येत्या आठवड्यात उडणाऱ्या बऱ्याच माशा एका झटक्यात कमी झाल्या. पण तोडलेली पानं तिथंच कुंडीत किंवा कंपोस्टच्या ढिगावर टाकू नका, पिशवीत घालून तोंड बांधा आणि दोन दिवस उन्हात ठेवा.

नीमबद्दल. नीम तेल औषध म्हणून चांगलंच आहे, पण त्याच्याकडून भलती अपेक्षा ठेवली जाते. कडुनिंबातलं अझाडिरॅक्टिन माशीला जागेवर पाडत नाही, ते पिल्लाची कात टाकण्याची क्रिया बिघडवतं, खाणं कमी करतं, मादीला अंडी घालायला झाड नकोसं करतं. त्यामुळं संध्याकाळी मारलं आणि सकाळी माशा उडताना दिसल्या म्हणून फेल गेलं असं समजू नका. प्रमाण एका लिटरला ५ मिली तेल. तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून आधी तेलात ते भांड्याचं लिक्विड किंवा रिठ्याचं पाणी घालून चांगलं फेटायचं, मग थोडं कोमट पाणी, पांढरं दुधासारखं झालं की उरलेलं पाणी. मारताना मधून मधून पंप हलवत राहायचं, आणि बनवलेलं त्याच दिवशी संपवायचं. वेळ फक्त संध्याकाळची, ऊन कललं की. उन्हानं अझाडिरॅक्टिन लवकर वाया जातं आणि आपल्याकडच्या उन्हात तेल लावलेलं पान करपतं. एप्रिल-मे मध्ये पारा चाळीसच्या वर गेलेला असताना तेल मारूच नका, तेव्हा फडकं आणि साधं पाणी बरं.

बाजारातल्या नीम तेलापेक्षा माझा जास्त जीव निंबोळीवर आहे. आपल्याकडं कडुनिंबाला काय तोटा आहे का, शाळेत, मंदिरापाशी, बांधावर, रस्त्यानं, जून-जुलैत निंबोळ्यांचा सडा पडतो आणि लोक तो तुडवून जातात. पिकलेल्या निंबोळ्या गोळा करा, गर धुऊन काढा, बिया सावलीत वाळवा आणि हवा लागेल अशा सुती पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये बुरशी येते. लागेल तेव्हा ५० ग्रॅम बी जाडसर कुटून फडक्याच्या पुरचुंडीत बांधायचं, लिटरभर पाण्यात रात्रभर ठेवायचं, दुसऱ्या दिवशी पिळून गाळून, थोडं साबणाचं पाणी घालून, संध्याकाळी फवारायचं. शेतात जो ५ टक्के निंबोळी अर्क म्हणतात तो हाच. एक पैसा खर्च नाही आणि दसरा-दिवाळीची फवारणी घरच्या घरी निघते.

पिवळे चिकट सापळे लावलेत तरी माशा आहेतच, हीबी तक्रार असते. सापळा फक्त उडणाऱ्या माशा धरतो, पिल्लं पानावर बसलेलीच राहतात, त्यामुळं एकट्या सापळ्यावर विसंबू नका. त्याचा खरा उपयोग म्हणजे माशी आली हे वेळेवर कळतं. विकत आणायची गरज नाही, पिवळ्या रंगाचा पत्रा, जुन्या डब्याचं झाकण, फाईलचं पिवळं प्लास्टिक, काहीबी घ्या, एरंडेल किंवा ग्रीस लावा आणि झाडाच्या शेंड्याच्या उंचीला लावा. फार उंच टांगला तर काही उपयोग नाही. धूळ बसली की पुसून परत तेल लावायचं, आमच्याकडं वारं सुटलं की दोन दिवसांत सापळा मातीनं भरतो. आणि एक, चिकट कागद भिंतीला टेकून लावू नका, पाल नाहीतर चिमणी अडकते, ते बघवत नाही.

आता माशी येते कुठून ते बघू, नाहीतर जन्मभर फवारतच बसाल. कपाशी हे तिचं आवडतं पीक, आणि आपण कपाशीच्याच मुलखात राहतो. वेचणी संपून पऱ्हाटी वाळायला लागली, उपटायला सुरुवात झाली, की शेतातली माशी हिरवं शोधत निघते आणि गावाच्या कडेच्या घरांच्या बागेत येऊन उतरते. त्या दिवसांत आपल्या बागेत गर्दी झाली तर त्यात तुमच्या औषधाचा दोष नाही, तेवढे पंधरा दिवस सापळे वाढवा आणि कोवळी रोपं झाकून ठेवा. दुसरं घर म्हणजे तण. कंपाउंडच्या बाहेर, नालीच्या कडेला गाजर गवत, पेठारी, रानभेंडी, घाणेरी उगवलेली असते, आपण आतली झाडं धूत बसतो आणि माशी बाहेर पोसली जाते. एक रविवार काढून घराभोवतीचं तण उपटलं तर दोन फवारण्या वाचतात. प्लॉट शेजारच्याचा असेल तर जाऊन बोला, त्यांच्याबी वांग्यावर तीच माशी बसलेली असते.

तिसरं कारण आपल्याच हातात असतं, युरिया. पानं फिकी दिसली की मूठभर युरिया टाकायची सवय शेतावरून घरी आलेली आहे. नत्र जास्त झालं की पान मऊ, रसरशीत, गडद होतं आणि रस शोषणाऱ्या किडीला तेच पाहिजे असतं. कुंडीला युरियाची गरज नाही, कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत महिन्याला ओंजळभर पुरतं. त्याच्या उलट पाण्याविना सुकलेलं झाडबी लवकर बळी पडतं, म्हणून श्रावणात पावसाचा खंड पडला की कुंड्यांकडं लक्ष द्या, पांढऱ्या माशीचा जोर नेमका अशा कोरड्या उघडिपीत वाढतो. जोराचा पाऊस झाला की ती आपोआप कमी होते, तेव्हा पावसाच्या आदल्या दिवशी फवारणी करून औषध वाया घालवू नका.

पानं चिकट झालीत, वर काजळीसारखं काळं चढलंय, मुंग्यांची रांग लागलीय. हे तिन्ही एकाच गोष्टीचे धागे आहेत. पिल्लं रस पितात आणि जास्तीचा गोड चिकटा खाली टाकतात, त्यावर काळी बुरशी वाढते, मुंग्या तो चिकटा खायला येतात आणि बदल्यात माशीच्या पिल्लांना खाणाऱ्या किड्यांना हाकलून लावतात. काळ्या थरावर बुरशीनाशक मारायची काही गरज नाही, माशी गेली की ओल्या फडक्यानं तो थर पुसून निघतो. पण मुंग्या अडवाच. पेरू, जास्वंदाच्या खोडाला कापडाची नाहीतर कागदाची पट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावा, थेट सालीवर लावू नका. कुंडीखाली पाण्याची ताटली ठेवत असाल तर त्यात साबणाचे चार थेंब टाका आणि दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला, डेंग्यूचे डास तिथंच होतात.

मुंग्या हटल्या की आपली माणसं येतात, म्हणजे ढालकिडे, हिरव्या जाळीदार पंखांचा क्रायसोपा, कोळी, आणि एन्कार्शिया नावाची इतकुशी गांधीलमाशी जी पांढऱ्या माशीच्या पिल्लाच्या आत अंडं घालते. पान उलटं केल्यावर काही पिल्लं काळपट पडलेली दिसली तर त्या पानांना हात लावू नका, ती बहुतेक एन्कार्शियानं धरलेली असतात आणि त्यातून तुमच्या कामाची माशी बाहेर पडणार असते. पेरूच्या नाहीतर नारळाच्या पानाखाली पांढऱ्या मेणाची गोल गोल नक्षी दिसली तर ती वर्तुळाकार नक्षीत अंडी घालणारी वेगळी पांढरी माशी. नारळावरची रुगोज नावाची जात भारतात पहिल्यांदा २०१६ ला तामिळनाडूत पोळ्ळाचीला सापडली आणि मग पसरली. तिच्यावर तर रासायनिक फवारणी टाळायलाच सांगतात, कारण तिला आवर घालण्यात मोठा वाटा एन्कार्शियाचाच आहे.

इथंच शेतातल्या औषधाबद्दल मनापासून सांगतो. घरात कपाशीचं उरलेलं औषध असतं, अर्धी बाटली, आणि वाटतं मारून बघावं. कृपा करून मारू नका. पांढरी माशी औषधाला फार लवकर सरावते. सायपरमेथ्रीनसारखी औषधं मारली की तिला खाणारे किडे आधी मरतात आणि माशी दुपटीनं वाढते. २०१५ ला पंजाबात कपाशीवर फवारण्यांवर फवारण्या होऊनबी पांढऱ्या माशीनं पीक नेलं. आणि त्याहून मोठी गोष्ट, २०१७ ला आपल्या शेजारच्या यवतमाळात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर गेले. घरच्या भेंडीची तोडणी दिवसाआड असते, लेकरं तिथंच खेळतात, कोथिंबीर बाजूच्या कुंडीत असते. हे विष गच्चीवर नको. तंबाखूचं पाणीबी नको, निकोटीन हे साधंसुधं विष नाही, शिवाय तंबाखूतून टमाट्याला, मिरचीला मोझॅकचा रोग लागू शकतो. राख उधळायचीबी सवय आहे काहींना, पण तो थर खाणाऱ्या मित्रकिड्यांनाच जास्त अडचण करतो.

जैविकमध्ये व्हर्टिसिलियम लेकॅनी नावाची बुरशी मिळते, लिटरला ५ ग्रॅम, ती माशीला रोग लावते. श्रावण-भाद्रपदात हवेत ओल असताना संध्याकाळी मारली तर छान काम करते, मार्चच्या कोरड्या हवेत पैसे वाया. तिच्या आगेमागे बुरशीनाशक मारू नका. विकत घेताना पाकिटावरची तारीख बघा, उन्हात ठेवलेलं पाकीट घेऊ नका. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा.

आता सगळ्यात जीव लागतो तो भाग, पिवळी पडलेली भेंडी. पांढरी माशी रस पिते त्यापेक्षा जास्त नुकसान व्हायरसनं करते. भेंडीवरचा हळद्या, ज्याला यलो व्हेन मोझॅक म्हणतात, आणि टमाट्याचा पानं गोळा करणारा लीफ कर्ल, दोन्ही तीच पसरवते. एकदा व्हायरस माशीच्या अंगात गेला की ती पुढं बरेच दिवस पसरवत राहते. व्हायरस लागलेलं झाड कुठल्याच औषधानं बरं होत नाही, त्यावर पैसे घालू नका. पण उपटायच्या आधी नीट बघा. शिरा पिवळ्या आणि मधला भाग हिरवा असेल तर व्हायरस. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल, आणि तेबी शेंड्याच्या नव्या पानांवर, तर ती बहुतेक लोहाची कमतरता. आपली चुनखडीची जमीन आणि बोअरचं जड पाणी, दोन्हींमुळं झाडाला लोह मिळत नाही. अशा झाडाला शेणखत द्या, चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह, पाकिटावरच्या प्रमाणात फवारा, ते हिरवं होतं. नुसतं पिवळं दिसलं म्हणून कितीतरी चांगली भेंडी उपटली जाते. मिरचीचंबी तसंच, पानं कडेनं वर होडीसारखी वळली तर फुलकिडे, खाली वळली तर कोळी नावाची बारीक कीड (वर सांगितलेला जाळं विणणारा कोळी नव्हे), दरवेळी पांढरी माशीच असते असं नाही.

खरंच व्हायरस असेल तर झाड सकाळी लवकर काढा, गारव्यात माशी सुस्त असते. आधी झाडावर मोठी पिशवी उलटी घालायची, तोंड बुडाशी आवळायचं आणि मग पिशवीसकट उपटायचं. नुसतं ओढून काढलं तर झटक्यानं सगळ्या माशा उडून शेजारच्या झाडावर जातात, व्हायरस घेऊन.

पुढच्या लागवडीला सुरुवात बियाण्यापासून करा. परभणी क्रांती ही भेंडीची जात आपल्याच कृषी विद्यापीठानं, रानटी भेंडीशी पुसा सावनी या जुन्या जातीचा संकर करून, हळद्याला टक्कर द्यायला काढली. बेंगळुरूच्या बागवानी संस्थेची अर्का अनामिकाबी त्याच कामाची. दोन्ही जुन्या झाल्यात, आता पूर्वीसारखा प्रतिकार सगळीकडं राहिला नाही, तरी बिनओळखीच्या बियाण्यापेक्षा बऱ्या. टमाट्यात अर्का रक्षक लीफ कर्लला टिकतो. रोपं लहान असताना, पहिला महिना-सव्वा महिना, झाकून ठेवणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण कोवळ्या वयात व्हायरस लागला तर झाड फळापर्यंत जातच नाही. मच्छरदाणी चालत नाही, तिच्या भोकांतून ही माशी आरामात आत जाते. चाळीस-पन्नास मेशची, म्हणजे एका इंचात चाळीस-पन्नास भोकं असलेली, नायलॉन जाळी आणा, नाहीतर जुन्या धोतराचं पातळ मलमली कापड बांबूच्या कामट्यांवर ताणा आणि कडा मातीत दाबा. दोडका, काकडी, भोपळ्याला फुलं लागली की जाळी काढा, मधमाशी आली पाहिजे. भेंडी-टमाट्याला तशी अडचण नाही.

आणि नर्सरीतून रोप आणलं की घरी येताच पानं उलटी करून बघा, विशेषतः जास्वंद, गुलाब, मिरची, वांगी. बाकीच्या झाडांपासून लांब, दुसऱ्या कोपऱ्यात, तीन आठवडे एकटं ठेवा आणि बाजूला एक पिवळं झाकण तेल लावून टांगा. तीन आठवड्यांत झाकणावर काही चिकटलं नाही तर मग ते इतर कुंड्यांत मिसळा.